मार्क्वींचं राहून गेलेलं लग्न

पॅरिस, ९ मे १८१४

प्रिय सिडोनी,

आधी आनंदाची बातमी. राजेसाहेब परत आले. जुने नव्हेत, त्यांच्या मानेचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. हे त्यांचे धाकटे बंधू. पाय सुजलेले असतात, पण बसल्या जागी फार रुबाबदार दिसतात. सम्राटांची रवानगी एका बेटावर झाली. मी परवाच कोटावरच्या सम्राटांच्या सोनेरी मधमाश्या उसवून तिथे राजघराण्याची लिलीची फुलं शिवून घेतली. शिंपी म्हणाला, या आठवड्यात त्याच्याकडे दुसरं कामच आलेलं नाही.

दुसरी बातमी त्याहून मोठी. नवी उमराव सभा भरते आहे आणि यादीत माझं नाव आहे! चार जूनला, शनिवारी, राजेसाहेबांसमोर शपथ. त्या सभेत एकदा बसलं की मरेपर्यंत कुणी ऊठ म्हणत नाही. पंचवीस वर्षं जीव मुठीत धरून या खुर्चीवरून त्या खुर्चीवर उड्या मारल्या, आता एकदाचं बूड टेकायला मिळणार.

यात एक बारीकशी अडचण आहे. अर्जात बायकोचं नाव लिहायचं होतं, मी तुझं लिहिलं. दप्तरातला म्हातारा कारकून चष्मा पुसत म्हणाला, "मार्क्वीसाहेब, या बाई तुमच्या कुणीच लागत नाहीत." आणि त्याने १७९३ सालची नोंद पुढ्यात ठेवली.

सिडोनी, मी साफ विसरलो होतो गं! मी तेव्हा हॅम्बुर्गला व्यापाऱ्यांच्या मुलींना नाच शिकवून पोट भरत होतो, आणि पळालेल्या उमरावाचं म्हणून आपलं घर जप्त होऊ नये यासाठी तू कागदोपत्री काडीमोड घेतलास. शहाणपणाचंच काम ते. मी परतल्यावर लग्न पुन्हा लावायचं, एवढंच बाकी होतं. मला वाटलं, तू लावून टाकलं असशील.

कारकुनाने कारणांचा रकानाही मोठ्याने वाचला: "एक, नवरा गैरहजर. दोन, नवरा कधी काही विचारत नाही." अख्खी कचेरी खो खो हसली. मीही हसलो. दुसरं कारण सुचलं कुणाला, तुला की नोंद लिहिणाऱ्या त्या लाझार लोहाराला?

असो. नव्या दरबारात दिवसातून दोनदा प्रार्थना असते. काडीमोड झालेला माणूस तिथे चालणार नाही. तेव्हा तू लगेच निघून ये. माझा चिटणीस फेलिसियें कागद तयार ठेवेल. सही केलीस की झालं, दहा मिनिटांचं काम. येताना घरच्या वाटलेल्या मोहरीची बरणी आण, इथली मिळमिळीत असते.

तुझा (कारकुनाची हरकत नसेल तर),
एव्रार


ब्रिसोंव्हाल, १४ मे १८१४

मार्क्वी एव्रार द ब्रिसोंव्हाल यांस,

पत्र पोचलं. मोहरीची बरणी फेलिसियेंच्या नावाने पाठवली आहे. मी बरणीत मावले नाही, म्हणून मागे राहिले.

"तू लावून टाकलं असशील" म्हणे! अहो, एकटीने लग्न कसं लावतात ते एकदा शिकवा तरी.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात फिलिबेर्तला वाचून दाखवलं. ती रस्सा ढवळत होती, तिने काही ऐकलंय असं मला वाटलंही नाही. तासाभरात लाझार दारात हजर. तो आता लोहारकाम सांभाळून गावचा मेयर असतो. कातड्याचा एप्रन तसाच, हात कमरेवर. "बाईसाहेब, बारा वर्षं झाली, दर द्राक्षतोडणीला एक परका पुरुष तुमच्या घरी तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकतो, आणि मी मेयर असून मला कुणी रीतसर कळवलं नाही?" मी म्हटलं, अरे तो परका पुरुष तुझ्याच ओसरीवर बसून तुझी दारू प्यायचा. तर म्हणतो, "ते वेगळं, ती नोंदवहीत नाही."

तेवढ्यात पाद्रीबुवा आले. त्यांचं म्हणणं, देवाच्या दारी काडीमोड नाहीच, तेव्हा तुम्ही नवरेच आहात, आणि बायकोला सोडून पॅरिसला राहता हेच पाप. मग दोघांची जुंपली. कायदा मोठा की देव मोठा हे ठरेपर्यंत माझं अख्खं हॅम संपलं. ठरलं काहीच नाही.

आणखी एक बातमी. आपल्या गावचे नोटरी पोन्सलें विधुर आहेत. मी मोकळी आहे हे त्यांच्या कानावर गेलं. काल गोगलगाईंची टोपली घेऊन आले, लसूण-कोथिंबिरीत मुरवलेल्या, आणि चक्क गुडघ्यावर बसून मागणी घातली. गुडघा दुखरा, त्यामुळे उठवायला फिलिबेर्त आणि मी, दोघी लागलो. पण विचारलं त्यांनी. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुम्ही जुन्या राजाच्या नावाने शपथ घेतलीत, मग राष्ट्राच्या, मग राज्यघटनेच्या, मग सम्राट व्हायच्या आधीच्या सम्राटांच्या आणि मग झाल्यावरच्या सम्राटांच्या. आता ही सहावी. हात दुखत असेल, जपा.

सिडोनी


पॅरिस, १९ मे १८१४

प्रिय सिडोनी,

पोन्सलें? ज्याच्या नाकातून बोलताना शिट्टी वाजते तो पोन्सलें? तू माझी थट्टा करतेस हे मी ओळखून आहे. मी तीन शांतता परिषदा गाजवलेला माणूस आहे, गोगलगाईंना घाबरणार नाही.

तरीही तुझ्या मनात काही किंतु असतील असं समजून मी रीतसर तह लिहून काढला आहे. कलम पहिलं: तू पॅरिसला येशील. कलम दुसरं: मी अंथरुणात तपकीर ओढणार नाही. कलम तिसरं: घर आणि द्राक्षमळे तुझ्याच नावावर राहतील. कलम चौथं: तुझ्या रश्श्यात मीठ कमी आहे असं मी चारचौघांत म्हणणार नाही. कलम पाचवं: एकांतात म्हणू शकेन. इंग्रजांच्या वकिलानेसुद्धा यावर डोळे झाकून सही केली असती.

आणि मागणी घालायचं काय म्हणतेस? मी, पंचावन्नाव्या वर्षी? तुला? तुझ्या आणि माझ्या वडिलांनी ते काम १७८४ सालीच उरकलं आहे. पुन्हा कशाला?

तह सोबत जोडला आहे. सही खाली, डावीकडे.

एव्रार

ता. क. त्या गोगलगाई खाल्ल्यास का?


ब्रिसोंव्हाल, २४ मे १८१४

मार्क्वी,

खाल्ल्या. लसूण थोडा जास्त होता, पण मेहनत दिसत होती.

तह परत पाठवते आहे. फिलिबेर्तने त्यावर रश्श्याचा थेंब सांडला, तेवढीच त्यावर सही समजा.

आता जरा हसणं बाजूला ठेवून वाचा. मी सतरा वर्षांची होते. मठातून आणून मला उभं केलं. दोन्ही वडिलांनी सह्या केल्या, तुम्ही शिकारीचे बूट घालून दोन तास उशिरा आलात. मला पॅरिसला जायचंय का, इथेच राहायचंय का, तुम्ही विचारलं नाहीत. ब्याण्णव साली पळालात तेव्हा साखरेच्या भांड्याखाली चिठ्ठी ठेवून गेलात. मी येते का तुमच्याबरोबर, विचारलं नाहीत. आले असते हो मी! हॅम्बुर्गला मीही नाच शिकवला असता, मला तुमच्यापेक्षा चांगला येतो.

ते दुसरं कारण माझं. लाझार म्हणाला होता, रकाना रिकामा दिसतोय, आणखी काहीतरी सांगा बाई. मी सांगितलं आणि घरी येऊन रडले. त्या वहीत माझ्या हातचं तेवढंच खरं होतं.

आणि दुसरं. तुम्ही विसरला असाल, मी विसरले नव्हते. तुम्ही परत आलात त्या दिवशी मी लाझारला वही उघडून बसायला सांगितलं होतं, निळा झगा इस्त्री केला होता. तुम्ही जेवताना तासभर नव्या साहेबांच्या, म्हणजे पुढच्या सम्राटांच्या, नाकाबद्दल बोललात. म्हटलं, उद्या विचारतील. मग म्हटलं, पुढच्या तोडणीला विचारतील. बारा तोडण्या झाल्या. हे लिहिताना पुन्हा डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला संताप येतोय.

तर ऐका. शनिवारी, चार जूनला, दुपारी तीन वाजता पोन्सलें उत्तर न्यायला येणार आहेत, गावच्या रीतीने. तुम्हाला काही विचारायचं असेल तर त्याच दिवशी चार वाजता या. समोरच्या दाराने नको, स्वयंपाकघराच्या दाराने, जसे सगळे येतात तसे. या घरचे मार्क्वी असून तुम्ही त्या खोलीत आजवर पाऊल ठेवलेलं नाही. उत्तर काय असेल याचं मी वचन देत नाही.

सिडोनी


पॅरिस, २८ मे १८१४

सिडोनी,

चार जूनला शपथ आहे! पहिल्याच पत्रात लिहिलं होतं मी! त्या दिवशी जो हजर नसेल त्याचं नाव यादीतून जाईल, आणि दारात माझ्यामागे चाळीस जण लाळ गाळत उभे आहेत. अकरा तारीख ठेव. बारा ठेव. राजेसाहेबांना काय सांगू, की गावच्या नोटरीने गोगलगाई आणल्या म्हणून मला वेळ नाही?

मी हात जोडतो.

एव्रार


ब्रिसोंव्हाल, १ जून १८१४

मार्क्वी,

शनिवार म्हणजे शनिवार. शपथ चांगली पार पडो. हात उजवाच वर करा.

सिडोनी


पॅरिस, ४ जून १८१४

आदरणीय बाईसाहेब,

आपलं एक तारखेचं पत्र पोचलं, पण मालक इथे नाहीत. एकतीस तारखेला सकाळी लिलीचा कोट घालून आरशासमोर बराच वेळ उभे होते. मग तो काढून खुंटीला लावला आणि मला म्हणाले, "फेलिसियें, विचारायचं म्हणजे नेमकं काय म्हणायचं असतं?" मी अविवाहित, मला सांगता आलं नाही. मग ते भाड्याच्या गाडीत कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून निघून गेले.

राजवाड्यातून आज दोनदा माणूस येऊन गेला. मालक आजारी आहेत असं मी सांगितलं. कुठला आजार सांगावा, कृपया कळवावं. मोहरी उत्तम आहे.

आपला नम्र,
फेलिसियें


तीन कोंबडे खानावळ, ब्रिसोंव्हाल, ४ जून, सकाळ

सिडोनी,

मी आलोय. तुझ्या घरासमोर रस्त्यापलीकडे आहे, खिडकीतून तुझी धुणी दिसतात. सरळ घरी येणार होतो, पण वेशीवरच लाझारने अडवलं. "काडीमोड झालेला पुरुष बाईच्या घरी उतरू शकत नाही, मी मेयर आहे." त्याच वेळी पाद्रीबुवा दुसऱ्या बाजूने ओढत होते, "बायको घरात असताना खानावळीत उतरतोस, लाज नाही वाटत?" बाहीची शिवण उसवली. शेवटी लाझारची ताकद जास्त पडली.

चार वाजता येतो. स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला आहे?

एव्रार


रस्त्यापलीकडून, लगेच

मागच्या बाजूला, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ. तुम्हाला आता त्यांची सवय झाली असेल. बाही पाठवून द्या, फिलिबेर्त शिवून देईल.

सि.


तीन कोंबडे खानावळ, ५ जून, सकाळ

सिडोनी,

आज सकाळच्या गाडीने परत जातो आहे. जाण्याआधी हे लिहिणं भाग आहे, कारण काल माझ्या तोंडून धड काही निघालं नाही.

मी चारला दहा कमी असताना खुराड्याजवळ पोचलो. तेवढ्यात पोन्सलें बाहेर पडला, रुमालाने डोळे पुसत. मी समजलो. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचत आलोय. इतका भरून आलेला माणूस मी फक्त तह जिंकल्यावर पाहिला आहे. मागल्या मागे परतावं असं वाटलं. मग म्हटलं, बारा तोडण्या ती थांबली, आपण निदान दार तरी ढकलू.

आत अर्धं गाव बसलेलं! लाझार, पाद्रीबुवा, फिलिबेर्त पळी हातात घेऊन. सगळे माझ्याकडे बघण्याऐवजी चुलीकडे बघत होते. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. तीन परिषदा गाजवल्या, आणि तिथे "सिडोनी, माझ्याशी लग्न करशील का?" एवढंच जमलं, तेही अर्धं खोकल्यात. कारण तुझ्या त्या चुलीचा धूर! कुणा शहाण्याने जळता ओंडका भिंतीला टेकवून उभा करून ठेवला होता. उभा ओंडका कधी नीट जळतो का? हॅम्बुर्गला मी नऊ वर्षं स्वतःची चूल स्वतः पेटवली आहे. मला राहवेना. चिमटा घेतला, ओंडका आडवा केला, खाली दोन काटक्या सरकवल्या, फुंकर मारली. लगेच धूर थांबला.

पण तुम्हा सगळ्यांना झालं काय? फिलिबेर्तच्या हातून पळी पडली. लाझार मटकन बाकावर बसला. पाद्रीबुवांनी छातीवर क्रूसाची खूण केली. आणि तू तोंडावर एप्रन धरलास आणि खांदे हलवत आतल्या खोलीत निघून गेलीस. मी तुला रडवलं.

एक सांगायचं राहिलं. मी काडीमोड विसरलो होतो हे खोटं आहे. कारकुनासमोर मी सोंग केलं. हॅम्बुर्गला ती बातमी पोचली तेव्हा मी दोन दिवस अंथरुणातून उठलो नाही. परत आल्यावर विचारलं नाही, कारण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? न विचारता दर वर्षी तीन आठवडे तरी मिळत होते. राजे आणि सम्राट यांना मी कधी घाबरलो नाही, ते बदलतात. तुझी मात्र मला भीती वाटत आली.

पोन्सलें सज्जन आहे. त्याच्या शिट्टीबद्दल बोललो ते मागे घेतो. सुखी राहा.

एव्रार


रस्त्यापलीकडून, ५ जून, भर सकाळी

अहो शांतता परिषदवाले!

त्या गाडीत बसलात तर बघा. लाझारला मी वेशीवर उभं केलंय, आणि तो या खेपेला माझ्या बाजूने आहे.

मी रडत नव्हते. हसत होते! अजून पोटात दुखतंय.

ऐका. आपल्या गावात मागणी घालायला आलेल्या माणसाला तोंडाने नाही म्हणत नाहीत, त्याचा अपमान होतो. त्याला चुलीपुढे बसवतात, प्यायला देतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. ओंडका आडवा जळत असेल तर होकार. उभा करून ठेवला असेल तर नकार. तो बघतो, पेला संपवतो आणि निघून जातो. कुणी एक शब्द बोलत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. तुम्ही इथले मार्क्वी आणि तुम्हाला ठाऊक नाही!

ओंडका पोन्सलेंसाठी उभा केला होता. बिचाऱ्यांनी बघितला, मान हलवली, डोळे पुसले. तो काही तह जिंकलेला माणूस नव्हता. वाचतात म्हणे चेहरे!

आता खरं सांगते. पोन्सलें गेल्यावर फिलिबेर्तने विचारलं, "बाई, आडवा करू?" मी म्हटलं, राहू दे. तुमचं पाऊल वाजलं तरी माझं ठरत नव्हतं. एक मन म्हणत होतं, बारा वर्षं थांबवलं, आता उभा ओंडका बघून जाऊ देत पॅरिसला, कळू दे. आणि तुम्ही आलात, विचारलंत, खोकलात, आणि कुणाचा नकार कशाला उभा राहू द्यायचा, म्हणून स्वतःच्या हाताने आडवा करून टाकलात! वर फुंकर मारलीत! पाद्रीबुवा म्हणतात, त्यांच्या आजोबांच्या काळापासून असं धाडस कुणी केलेलं नाही. लाझार म्हणतो, कायद्यात याला तोड नाही.

फिलिबेर्तने मग विचारलं, "पुन्हा उभा करू का?" मी म्हटलं, हात लावून बघ.

लग्नाला कुणाची हरकत असेल तर कळावं म्हणून नावं आजच मेयरच्या दारावर लागली. दोन रविवार तिथे राहतील, तोवर खानावळीतच राहा. गावात पुन्हा लग्न करणाऱ्यांच्या दारात पातेली बडवायची रीत आहे, तयारी आतापासून चालू आहे, बहिरे व्हायची तयारी ठेवा. निळा झगा मला आता घट्ट होतो. तो उसवायला घेतला आहे.

आणि घाबरायचं कारण नव्हतं हो. पहिल्याच तोडणीला मी हो म्हणाले असते.

तुमची,
सिडोनी


तीन कोंबडे खानावळ, ५ जून, पाच मिनिटांनी

गाडीवाल्याला परत पाठवलं. रश्श्यात आज मीठ कमी आहे का, ते बघायला येऊ का?

हे बघ, विचारतोय.

एव्रार


पॅरिस, १२ जुलै १८१५

आदरणीय मार्क्वीसाहेब,

आपणांस कळलंच असेल. मार्चमध्ये सम्राट बेटावरून परत आले, राजेसाहेब रातोरात सरहद्दीपार गेले; जूनमध्ये सम्राट हरले, आणि आता राजेसाहेब पुन्हा आले आहेत. या शंभर दिवसांत ज्यांनी सम्राटांच्या नावाने शपथ घेतली त्या सगळ्या उमरावांची धरपकड चालू आहे. शिंपी तर आजारीच पडला.

दरबाराने दप्तर तपासलं, तेव्हा असं आढळलं की गेल्या वर्षभरात ज्याने कुणाच्याच नावाने शपथ घेतली नाही, असा वजनदार उमराव अख्ख्या फ्रान्समध्ये एकच आहे. आपण. आपल्याला आता सगळे निष्ठेचा पुतळा म्हणतात. मी हसू आवरलं. राजेसाहेबांनी स्वतः आपल्यासाठी उमराव सभेत पहिल्या रांगेतली जागा राखून ठेवली आहे. शपथ पुढल्या सोमवारी. सोबत राजवाड्याचं पत्र आहे. लिलीचा कोट झटकून ठेवला आहे. उत्तर कृपया परतीच्या टपालाने.

आपला नम्र,
फेलिसियें


ब्रिसोंव्हाल, १६ जुलै १८१५

प्रिय फेलिसियें,

राजवाड्याचं पत्र मी सिडोनीला वाचून दाखवलं आणि विचारलं, काय करू? ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, मी नको म्हणणार नाही. मग ती कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली.

कोट तुला ठेव. फुलं उसवून घे, कापड चांगलं आहे.

राजवाड्याचा माणूस उत्तर न्यायला इथे आला, तर त्याला स्वयंपाकघराच्या दाराने यायला सांग. मी त्याला चुलीपुढे बसवीन, आमची दारू पाजीन, हवापाण्याच्या गप्पा मारीन. ओंडका मी आत्ताच उभा करून ठेवला आहे. घरभर धूर झालाय आणि सिडोनी मला शिव्या देते आहे.

तुझा,
एव्रार